ड्राफ्ट आरएफसी होण्याआधी: या चुका टाळा

"आता फक्त भाषा बघायची राहिलीये" असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. आयईटीएफ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्किंग ग्रुपमध्ये ड्राफ्टवर, म्हणजे पुढे आरएफसी हा अधिकृत दस्तऐवज होणाऱ्या मसुद्यावर, दोन-तीन वर्षं घासाघीस झालेली असते. लेखकांच्या डोक्यात प्रोटोकॉल इतका पक्का बसलेला असतो की कागदावर नसलेलं वाक्यही त्यांना दिसायला लागतं. पण उद्या तो वाचून कोड लिहिणाऱ्याच्या हातात फक्त मजकूर असतो. तुमच्या मीटिंगला तो नव्हता.

मस्ट आणि शुड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आरएफसी २११९ ने १९९७ मध्ये मस्ट (बंधनकारक), शुड (शिफारस), मे (ऐच्छिक) या शब्दांना ठरावीक अर्थ दिले. मग लहान लिपीतलं 'मस्ट' बंधनकारक की नाही, यावर पुढची वीस वर्षं वाद चालले. २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने निकाल दिला: सगळी अक्षरं कॅपिटल असतील तरच खास अर्थ, नाहीतर ते साधं इंग्रजी. तरीही जुन्या ड्राफ्टमधून कॉपी केलेला, फक्त २११९ चा उल्लेख असलेला परिच्छेद अजून दिसतो. आयडीनिट्स हे तपासणीचं टूल चालवा, ते लगेच ओरडतं.

टूलला न कळणारी चूक म्हणजे एकटं उभं असलेलं 'शुड'. "क्लायंटने पुन्हा प्रयत्न करावा (शुड)." बरं, कधी करू नये? केला नाही तर समोरचा सर्व्हर काय समजेल? याचं उत्तर ड्राफ्टमध्ये नसेल, तर बहुतेक वेळा लेखकांचं एकमत झालेलं नसतं आणि 'शुड' हा मांडवलीचा शब्द असतो. सूट असेल तर ती कोणत्या परिस्थितीत, ते त्याच परिच्छेदात लिहा. नसेल तर सरळ 'मस्ट' करा.

दुसरा रोग कर्मणी प्रयोगाचा. "हे फील्ड दुर्लक्षित केलं जावं." कुणी करावं? पाठवणाऱ्याने, घेणाऱ्याने, की मधल्या प्रॉक्सीने? मी रिव्ह्यूला बसतो तेव्हा प्रत्येक 'मस्ट'खाली पेन्सिलीने कर्ता लिहितो. जिथे लिहिता येत नाही, तिथे बग सापडलाच समजा.

व्याकरण आणि उदाहरणं

एबीएनएफमध्ये (प्रोटोकॉलचं व्याकरण लिहायची पद्धत) अवतरणात लिहिलेला शब्द लहान-मोठ्या लिपीत भेद करत नाही. एचटीटीपीची 'गेट' मेथड मात्र कॅपिटलमध्येच हवी. नियमात तुम्ही अवतरणात "गेट" लिहिलंत की लहान लिपीतलं गेटही व्याकरणाच्या दृष्टीने चालतं. जुना उपाय म्हणजे अक्षरांचे हेक्स कोड ४७, ४५, ५४ असे लिहिणं. आरएफसी ७४०५ नंतर अवतरणाआधी टक्का-एस लावला तरी भागतं. नियम पार्सरमधून काढल्याशिवाय लास्ट कॉल (आक्षेप मागवायची शेवटची फेरी) मागू नका.

उदाहरणातली पॅकेट्स तर हमखास शिळी असतात. आठव्या आवृत्तीत फील्डची जागा बदलली, उदाहरण मात्र पाचव्या आवृत्तीचंच. कोड लिहिणारा मजकुरापेक्षा उदाहरणावर जास्त विश्वास ठेवतो, हे गृहीतच धरा. उदाहरणं चालत्या कोडमधून पुन्हा काढा, हाताने दुरुस्त करू नका. पत्तेही खरे नकोत: १९२.०.२.०/२४, १९८.५१.१००.०/२४, २०३.०.११३.०/२४ आणि आयपीव्ही६ साठी २००१:डीबी८::/३२ हे पट्टे त्यासाठीच राखून ठेवलेत. ही चूक मी स्वतः केलीये. एका ड्राफ्टच्या उदाहरणात माझ्याच टेस्ट सर्व्हरचा पत्ता राहून गेला होता.

आकडे आधीच बळकावणे

आयएएनएने (प्रोटोकॉलचे आकडे वाटणारी संस्था) अजून न दिलेला कोड पॉइंट, म्हणजे ठरावीक आकडा, ड्राफ्टमध्ये पक्का करून टाकणं म्हणजे लग्नाआधी हॉलवर पाटी लावणं. त्यापेक्षा टीएलएस १.३ ने (वेबवरचं एन्क्रिप्शन करणारा प्रोटोकॉल) वापरलेली युक्ती बघा. आवृत्तीच्या दोन बाइटांपैकी पहिला ७एफ, दुसरा ड्राफ्टचा क्रमांक. म्हणजे २८ व्या ड्राफ्टला ७एफ१सी. अंतिम आकडा ०३०४. त्यामुळे प्रायोगिक कोड आणि खरं स्टँडर्ड यांची गल्लत झाली नाही.

"या दस्तऐवजामुळे सुरक्षेचे नवे प्रश्न निर्माण होत नाहीत" या एका ओळीवर सुरक्षा विभाग उरकू नका. आयईएसजीतून, म्हणजे अंतिम मंजुरी देणाऱ्या गटाकडून, 'डिस्कस' हा आक्षेप येतो. डिस्कस म्हणजे नकार नव्हे, पण तो उठेपर्यंत गाडी पुढे जात नाही.

संदर्भांचे दोन ढीग असतात, आवश्यक आणि माहितीपर. आवश्यक यादीत अर्धवट ड्राफ्ट घातलात तर तो तयार होईपर्यंत तुमचाही अडकतो. वेबआरटीसीचे (ब्राउझरमधल्या व्हिडिओ-कॉलचं तंत्र) बरेच कागद असेच एकमेकांत गुंतून 'क्लस्टर २३८' या नावाने कित्येक वर्षं रांगेत होते. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये सगळे एकदम बाहेर पडले.

लास्ट कॉलची शांतता

आक्षेप आला नाही म्हणजे सहमती झाली असं नाही. बहुतेक वेळा कुणी वाचलेलंच नसतं. आणि शंभर 'प्लस वन' (मलाही पटतं) आले तरी एका तांत्रिक आक्षेपाला उत्तर दिलं नसेल, तर तो तसाच उभा राहतो. इथे मतं मोजत नाहीत.

वाचायला कोणाला सांगता हेही बघा. लिपीचा विषय असेल तर ती लिपी वापरणारा माणूस हवा. इंग्रजीबाहेरच्या लिपींतल्या डोमेन नावांच्या २००३ च्या आयडीएनए नियमांत झिरो-विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं न दिसणारं चिन्ह) सरळ गाळला जायचा. आपल्याकडे जॉइनर वापरून 'दऱ्या' टाइप केलं, तर तो आडवा र जाऊन हाती 'दर्या' उरायचा. दऱ्या गेल्या, समुद्र आला! २०१० च्या आरएफसी ५८९२ मध्ये हलन्तानंतर जॉइनर चालेल असा नियम आला.

ऑथ-४८

मंजुरीनंतर आरएफसी एडिटर भाषा नीट करून लेखकांकडे पाठवतात, तो हा टप्पा. नाव ४८ तासांचं, लागतात आठवडे. डिफ (जुन्या-नव्या मजकुरातला फरक) वरवर चाळून 'ओके' पाठवू नका. एक स्वल्पविराम हलला तरी अट कशाला लागू होते ते बदलतं. छापून आल्यावर आरएफसीत काहीच बदलत नाही, फक्त इरेटा (चुकीची नोंद) नोंदवता येतो. तांत्रिक बदल सुचला तर एडिटरशी परस्पर ठरवू नका, त्याला एरिया डायरेक्टरची (आयईएसजीतला त्या विषयाचा प्रमुख) संमती लागते.

यात प्रत्येक लेखकाची मंजुरी हवी. तोवर एकाने नोकरी बदललेली असते आणि शेवटी दिलेला कंपनीचा ईमेल बाउन्स होतो. म्हणून लास्ट कॉलच्या आधीच सगळ्यांचे वैयक्तिक पत्ते ड्राफ्टमध्ये घाला. वर्षभरात एकदाही उत्तर न दिलेल्या सहलेखकाशी तेव्हाच बोला आणि त्याचं नाव योगदान देणाऱ्यांच्या यादीत हलवा. ऑथ-४८ मध्ये हा विषय काढला की फार अवघड होऊन बसतं.