सातबाऱ्यावर नाव नाही? वाटपाचा दावा असा लावा

दावा लावायला आलेला माणूस टेबलावर आजचा सातबारा आपटतो. "थोरल्याचंच नाव लागलंय, आमचं काहीच राहिलं नाही." तालुका कोर्टात वकिलाचा कारकून म्हणून माझे केस पिकले, पण हे वाक्य काही बदललं नाही. अहो, सातबारा हा महसुलाचा कागद. त्यावर नाव नाही म्हणून वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा बुडत नाही.

आधी तहसीलच्या अभिलेख कक्षातून हाताने लिहिलेले जुने सातबारे काढा. त्यावर गोलात जे आकडे दिसतात ते फेरफारांचे, म्हणजे जमिनीवरचं नाव किंवा हक्क बदलल्याच्या नोंदींचे. त्या प्रत्येकाची नक्कल मागा. आजोबा वारल्यानंतरचा वारसाचा फेरफार सोन्यासारखा जपा. थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं लिहिलेलं सापडलं, तर जमीन त्याच्या एकट्याची नाही हे सांगायला भक्कम कागद मिळाला. मग दुय्यम निबंधकाकडे सर्च घ्या, म्हणजे त्या जमिनीचे नोंदवलेले व्यवहार शोधून घ्या. मधल्या काळात एखादा गट, म्हणजे गट नंबरची जमीन, विकला असेल, तर खरेदीदारालाही प्रतिवादी करावं लागतं.

वंशावळ प्रामाणिकपणे लिहा. "बहिणींनी तोंडी सोडलंय" हे मला सांगू नका. नोंदवलेलं हक्कसोडपत्र नसेल तर त्यांना पक्षकार कराच. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क दिला, आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तसंच सगळे गट आणि गावातलं घरही दाव्यात घाला. स्वतःच्या ताब्यातला चांगला तुकडा गुपचूप वगळणारे बरेच भेटतात. समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

दाव्यासोबतच तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्या, नाहीतर निकालाआधी जमीन तिसऱ्याच्या नावावर जाते. मध्येच तडजोड जमली तर लोकअदालतीत करा. कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नाही.

कोर्टाचा निकाल लागून हुकूमनामा झाला की लोक पेढे वाटतात. पण त्यात फक्त कोणाचा किती हिस्सा एवढंच ठरलेलं असतं. शेतजमीन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे कलेक्टरमार्फत वाटली जाते. घरासाठी कोर्ट कमिशनर नेमतात. तेव्हा प्रकरण कलेक्टरकडे पाठवण्याचा अर्ज लगेच द्या, मोजणीच्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहा, ताबा पावतीवर चतुःसीमा लिहून घ्या आणि फेरफाराचा अर्ज तलाठ्याकडे देऊन पोच घ्या.