फायबर पोस्ट सारखी निघत होती, शेवटी अशी बसली

पेशंटची पुढच्या दाताची पोस्ट (रूट कॅनालनंतर मुळात बसवायची फायबरची काडी) क्राउनसकट, म्हणजे वरच्या कॅपसकट, हातात आली होती, दुसरीकडे केलेली. पोस्ट नीट बघितली तर सिमेंट सगळं पोस्टलाच चिकटलेलं, म्हणजे पकड सुटली ती डेंटिनकडून (दाताच्या आतल्या भिंतीकडून), पोस्टकडून नाही. लूप्स (मोठं दाखवणारा चष्मा) लावून कॅनालमध्ये (मुळाच्या पोकळीत) बघितलं तर भिंतीवर गुलाबी गटापर्चाचा (रूट कॅनाल भरायचं रबरासारखं मटेरियल) पातळ थर आणि सीलर (त्याच्यासोबतची पेस्ट) तसाच!! त्यावर कुठलंही भारी सिमेंट लावा, काय धरणार?

मग अल्ट्रासॉनिक टिपने भिंती घासून काढल्या, खाली ४-५ मिमी गटापर्चा तसाच ठेवला, १७% ईडीटीए (घासल्यावर भिंतीवर राहिलेला थर काढणारं द्रावण) आणि शेवटी भरपूर पाणी. हायपोक्लोराइट (कॅनाल धुवायचं जंतुनाशक) शेवटी नकोच, त्याच्या ऑक्सिजनमुळे रेझिन (बाँड आणि सिमेंट) नीट सेट होत नाही. पेपर पॉइंटने (कागदाच्या टोकदार काडीने) सुकवलं, बाँड (सिमेंट डेंटिनला धरायला लावायचा द्रव) एकदम बारीक ब्रशने खालपर्यंत आणि जास्तीचा परत पेपर पॉइंटने टिपून घेतला (ही स्टेप बरेच जण खातात, मग खाली डबकं साचतं आणि पोस्ट पूर्ण बसतच नाही). पोस्ट अल्कोहोलने पुसून सायलेन (पोस्टला सिमेंट धरावं म्हणून लावायचं), ड्युअल क्युअर सिमेंट (लाइटने आणि आपोआपही सेट होणारं) लांब टिपने खालून वर भरत आणलं, लाइट ४० सेकंद.

फेरूल (क्राउनने वेढायला हिरडीच्या वर शिल्लक दात) २ मिमी मिळत होता म्हणून हे केलं, नाहीतर नसतं केलं. सध्या घट्ट आहे.