अमेरिकन सेनाधिकाऱ्याचे कागद वाचायला बसताना

इतिहासात एमए करून अमेरिकेत संशोधनाला आलेली मुलं विचारतात, एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी अधिकाऱ्याच्या कागदांना हात कुठून घालायचा? आधी एवढं लक्षात घ्या, की एका जागी बसून काम उरकत नाही. घरची पत्रं नि डायऱ्या एकीकडे असतात, सरकारी पत्रव्यवहार दुसरीकडे.

माझ्या अभ्यासातला माणूस माँटगोमेरी मेग्ज. १८३६ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडला, वॉशिंग्टनची पाणीयोजना बांधली आणि १८६१ ते १८८२ क्वार्टरमास्टर जनरल होता. यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेला कपडे, तंबू, घोडे, गाड्या पुरवायचं काम त्याच्याकडे. त्याचे खासगी कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या हस्तलिखित विभागात आहेत. त्याच्या खात्याचे कागद बघायचे तर नॅशनल अर्काइव्ह्जचा रेकॉर्ड ग्रुप ९२, म्हणजे त्या खात्याच्या दप्तराला तिथे दिलेला क्रमांक.

सरकारी पत्र हातात आलं की मजकुरावर तुटून पडू नका, आधी ते उलटं करा. तेव्हा पत्राची उभी घडी घालून बाहेरच्या बाजूवर पाठवणारा, ठिकाण, तारीख आणि थोडक्यात विषय लिहीत. पुढे ते ज्या टेबलावर गेलं, तिथला शेरा त्याखाली चढत जाई. आपल्या फायलींवरच्या टिपण्यांचाच प्रकार. आत कुणीतरी नुसती मागणी केलेली असते. ती कुणी अडवली, कुणी मंजूर केली, हे बाहेरच्या शेऱ्यांत सापडतं. बरेच जण फक्त आतल्या पानाचा फोटो काढून घरी जातात आणि मग पुन्हा विमानाचं तिकीट बघत बसतात.

हुद्द्यांचा घोळ वेगळाच. 'ब्रेव्हेट' हुद्दा बहुतेक मानाचा असे. शिवाय युद्धापुरत्या उभारलेल्या स्वयंसेवक फौजेतला हुद्दा निराळा, कायम सैन्यातला निराळा. उत्तरेचा घोडदळ अधिकारी जॉर्ज कस्टर युद्धात स्वयंसेवकांचा मेजर जनरल होता, पण १८६६ मध्ये सातव्या घोडदळात रुजू झाला तो लेफ्टनंट कर्नल म्हणून. पत्रात 'जनरल' दिसलं म्हणून पगारही जनरलचा धरू नका.

खासगी कागदांत अडचण अक्षराची. मोडी शिकून गेलात तरी मेग्जपुढे उपयोग नाही, कारण त्याच्या डायऱ्या पिटमन शॉर्टहँडमध्ये, म्हणजे लघुलिपीत आहेत! कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या इमारतीच्या, बांधकामाच्या काळातल्या डायऱ्या लिप्यंतर होऊन २००१ मध्ये छापल्या गेल्या, तिथून सुरुवात करा.

दोन्हीकडचे कागद तारखेने जुळवायचे. ऑक्टोबर १८६४ मध्ये मेग्जचा मुलगा जॉन, हाही लष्करी इंजिनिअर, व्हर्जिनियात डेटनजवळ मारला गेला. बापाच्या मते तो खूनच होता. हे ठाऊक नसेल, तर त्या महिन्यातली खात्याची पत्रं नुसता हिशेब म्हणून वाचली जातात.

निघण्यापूर्वी ऑनलाइन फाइंडिंग एड (कोणत्या खोक्यात काय आहे त्याची यादी) बघून खोक्यांचे नंबर काढून ठेवा. रीडर कार्ड पहिल्याच दिवशी करून घ्या. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्या. टेबलावर एका वेळी एकच फोल्डर उघडायचा आणि त्यातल्या कागदांचा क्रम बदलायचा नाही.