बाळाची जीभ चिकटलीय? आधी पाजताना बघा

माझी हयात प्रसूती वॉर्डात गेली. हल्ली बाळंतिणी जिभेचा फोटो पाठवून विचारतात, "सिस्टर, टंग-टाय आहे ना? कापून घेऊ?" फोटोवरून मी काही सांगत नाही. जिभेखालचा पडदा सगळ्यांनाच असतो. तो आखूड किंवा ताठ असून जीभ अडत असेल, तरच ती टंग-टाय. आणि तसा पडदा असलेल्या निम्म्याहून जास्त बाळांना पिताना काही त्रास नसतो, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२४ मध्ये सांगितलंय.

तेव्हा पाजताना बघा. बाळ सारखं सुटतं, टकटक आवाज येतो, तासभर ओढूनही भुकेलंच राहतं, तुमचं निप्पल बाहेर येतं ते चपटं, नव्या लिपस्टिकसारखं तिरकं झालेलं. अशा खुणा असतील तर हात धुवा. बाळाच्या खालच्या ओठाला बोट लावा, जीभ हिरडीच्या पुढे येते का बघा. रडताना जीभ वर उचलली जाते का, की टोक मध्ये खेचलं जाऊन पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं?

खुणा दिसल्या तरी लगेच कात्री नको. आधी पकड सुधारा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, नाक निप्पलसमोर. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा, मग झटकन जवळ घ्या. हनुवटी आधी टेकली पाहिजे आणि निप्पलभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त दिसला पाहिजे. डोकं मागून दाबू नका. सासूबाई मागून ढकलायला येतात, त्यांना गोडीत बाजूला बसवा! दूध कमी जात असेल तर पिळून वाटी-चमच्याने पाजा आणि वजन करून घ्या. पहिल्या महिन्यात रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी.

एवढं करूनही दुखणं थांबत नसेल आणि वजन वाढत नसेल, तर बालशल्यचिकित्सक किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर पडदा मोकळा करतात. तान्ह्या बाळात काही सेकंदांचं काम असतं, लगेच अंगावर घेता येतं. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलंय का आणि घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे आधी सांगा. लेझर म्हणजे जास्त चांगलं, असं सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. नखाने किंवा ब्लेडने घरी तोडणं तर अजिबात नाही.

नंतर जिभेखाली पांढरट-पिवळा डाग दिसतो, तो पू नव्हे. जखम दिवसातून दहादा बोटाने ताणायला सांगणारे भेटतात. बाळ त्याने तोंडाला हात लावू देईनासं होतं, आणि फायद्याचा पुरावा नाही. रक्त दाबून धरूनही वाहत राहिलं किंवा बाळ पिईनासं झालं, तर मात्र लगेच दवाखाना.

वरच्या ओठाखालची पट्टी, जिला लिप-टाय म्हणतात, ती तान्ह्या बाळात असतेच. दूध पाजण्यासाठी ती कापू नये. तिच्यामुळे पुढच्या दातांत फट राहील अशी भीती असेल, तर ती फट बऱ्याचदा कायमचे सुळे आल्यावर मिटते.

मोठ्या मुलाचा र किंवा ल नीट येत नसेल, तर आधी स्पीच थेरपिस्टला दाखवा. बोलायलाच उशीर होत असेल तर दोष जिभेवर ढकलू नका, कान तपासून घ्या.