पूल रिकामा करण्याआधी विहिरीत डोकवा

अलिबाग, नागाव, किहीम या पट्ट्यातल्या बंगल्यांचे पोहण्याचे पूल सांभाळणं हा माझा धंदा. गणपती उरकले की मुंबई-पुण्याच्या मालकांचे फोन सुरू. "पाणी हिरवंगार झालंय हो, सगळं काढून टाका, दिवाळीला पाहुणे येतायत." माझं उत्तर ठरलेलं: आत्ता नाही.

चार महिन्यांच्या पावसाने जमीन तुडुंब भरलेली असते. पूल भरलेला आहे तोवर आतलं वजन बाहेरच्या पाण्याला दाबून धरतं. ते काढलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते. हिशोबच करा. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, दीड मीटर खोल; तळ आणि भिंती २० सेंटीमीटर जाडीच्या. काँक्रीट भरेल साधारण ३७ टन. तळाच्या खालच्या बाजूपासून एक मीटरभर जरी पाणी चढलेलं असेल, तरी वर ढकलणारा जोरही तेवढाच, ३७ टन. फायबरचा पूल तर वजनाला काहीच नाही, तो आधी उठतो. तो बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय रिकामा करूच नये.

म्हणून जमिनीतलं पाणी कुठवर आहे ते आधी वाडीतल्या विहिरीत बघायचं. सकाळी, माळ्याने मोटर लावायच्या आधी. उपसा झालेली विहीर खोटं सांगते. गवंड्याची लेव्हलची नळी घ्या, पूलची कड आणि विहिरीचा कठडा यांच्यातला फरक काढा. मग दोरीला दगड बांधून पाणी किती खाली आहे ते मोजा. पूलच्या तळाखाली निदान फूटभर तरी ते असलं पाहिजे. विहीर नसेल तर पूलशेजारी तळाहून खोल, छिद्रांचा पीव्हीसी पाईप पुरून घ्या, त्यातही पातळी दिसते. काही पूलांच्या तळाच्या जाळीखाली बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह असतो. असला तरी गाळाने चोंदलेला निघू शकतो, त्याच्या जिवावर पंप सुरू करू नका.

मुळात हिरव्या पाण्यासाठी पूल रिकामा करायचं कारणच नाही. क्लोरीनचा मोठा डोस, भिंतींना ब्रश, मग पाणी निवळायला औषध, आणि तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर. गोळ्यांच्या क्लोरीनमधलं स्टॅबिलायझर (सायन्युरिक ॲसिड) पाण्यात जास्त साचलं असेल तर एक तृतीयांश काढून तेवढंच नवं भरा, गरज पडली तर पुन्हा. वर हिशोब केलेल्या पूलला ४८ हजार लिटर लागतात. १० हजारी टँकर पाच. मे महिन्यात ते मिळवून दाखवा!

फरश्या सुटल्या, तडा गेला, तर मात्र काढावंच लागतं. मी फेब्रुवारी-मार्च धरतो. विहीर उतरलेली असते आणि ऊन अजून फरश्या भाजत नाही. उपसताना एकजण काठावर हवाच. फरशीतून टकटक आवाज आला, कडेचा दगड आणि अंगण यांच्यात भेग दिसली, किंवा तळातून पाझर फुटला, की पंप बंद करून पाणी परत आत सोडायचं. नागावात एका बंगल्यात पंप रात्रभर चालू ठेवला होता. सकाळी एक टोक वीतभर वर आणि सगळे पाईप तुटलेले. तो पूल पुन्हा बसला नाही.

उपसण्याआधी पाण्यातले दिवे बंद करा, पाण्याबाहेर ते तापून जातात. पूलची नेहमीची मोटर कोरडी चालवू नका, सील जळतं. उपसायला पाण्यात सोडायचा पंप, ३० मिलिॲम्पियरच्या ईएलसीबीवर (वीज गळताच लाईन तोडणारा स्विच), आणि तो चालू असताना पाण्यात कोणीही उतरायचं नाही.

पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नका, शेजाऱ्याच्या वाडीत तर नाहीच. आठवडाभर क्लोरीन न घालता उन्हात राहू द्या, टेस्ट किटमध्ये रंग येईनासा झाला की नारळांना चालतं. मिठावर चालणाऱ्या पूलचं मात्र सुपारीला घालाल तर बाग जाईल.

ॲसिडने घासायचं असेल तर ब्लीचिंग पावडर आसपाससुद्धा नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो जड असल्याने खड्ड्यातच साचतो. रिकाम्या पूलभोवती दोरी नव्हे, पत्रे किंवा जाळी लावा. पोरं दोरीखालून जातात. काम झालं आणि नवा मसाला पक्का झाला की लगेच भरायला घ्या आणि स्किमरच्या (भिंतीतलं वरचं पाणी ओढणारं तोंड) निम्म्यापर्यंत पाणी येईतो मोटरला हात लावू नका.