इथॉक्सिलेशन प्लँटमध्ये रुजू होताना

इथॉक्सिलेशन, म्हणजे अल्कोहोल किंवा फिनॉलसारख्या पदार्थाला इथिलीन ऑक्साइड जोडण्याच्या प्लँटमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्यांना मी सुरुवातीलाच विचारतो, की इथिलीन ऑक्साइड सोडल्यावर रिॲक्टरचा दाब चढत राहिला आणि तापमान मात्र हलले नाही, तर काय कराल? बहुतेकांचे उत्तर ‘अजून तापवू’ असे येते आणि नेमके तेच करायचे नसते. अशा वेळी ऑक्साइडचा व्हॉल्व्ह आधी बंद करावा लागतो. कारण अभिक्रिया न झालेला साठा आत जमत गेला आणि मग ती सुरू झाली, तर मोलमागे सुमारे ९० किलोज्यूल उष्णता इतक्या वेगाने सुटते की कूलिंग तिला पुरे पडत नाही. इथिलीन ऑक्साइडसारख्या इपॉक्साइडच्या तीन अणूंच्या वलयातला ताण पदवीच्या दुसऱ्या वर्षी सगळेच शिकतात, पण तो पॅनेलवर असा दिसतो, हे कोणी सांगत नाही.

हे ऑक्साइड तयार होते ते चांदीच्या उत्प्रेरकावर, साधारण २२० ते २८० अंश सेल्सियसला, इथिलीन आणि ऑक्सिजन यांच्यापासून. आपल्याकडे काशीपूरला मळीच्या अल्कोहोलपासून इथिलीन काढूनही ते बनवले गेले आहे. त्याचा सर्वांत मोठा वाटा ग्लायकॉलमार्गे पॉलिएस्टरकडे जातो. आपल्या वाट्याला येणाऱ्या ऑक्साइडपासून डिटर्जंट, कापडप्रक्रिया आणि कीटकनाशके यांना लागणारी, तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारी इमल्सिफायर बनतात.

नाकावर भिस्त ठेवू नका. वास येतो तो शेकडो पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत शेकडो भाग), तर अमेरिकेतील आठ तासांची कायदेशीर मर्यादा १ पीपीएम आहे आणि हा पदार्थ कर्करोगकारक आहे. तो १०.७ अंशांनाच उकळतो आणि त्याची वाफ हवेशिवायही स्फोटकपणे विघटित होऊ शकते, म्हणून टाकीवर नायट्रोजनचे आवरण ठेवण्याबाबत कसलीही सवलत नसते.

माझ्या मते नवख्याने डीसीएसच्या, म्हणजे प्लँटच्या संगणकीय नियंत्रण प्रणालीच्या, आधी क्लाउड पॉइंट, म्हणजे मालाचे द्रावण गढूळ होण्याचे तापमान मोजणे, हातात बसवावा. एक टक्का द्रावण परीक्षानळीत घेऊन, थर्मामीटरने ढवळत, गढूळ होईपर्यंत तापवायचे आणि थंड होताना ते ज्या अंशाला पुन्हा नितळ होते, तो आकडा नोंदवायचा. नऊ मोलच्या नोनाइलफिनॉलला, म्हणजे मोलमागे नऊ मोल ऑक्साइड जोडलेल्या मालाला, तो ५४च्या आसपास येतो. तो कमी आला तर ऑक्साइड अजून द्यायचे असते. जास्त आला तर दिलेले काढून घेता येत नाही आणि बॅच दुसऱ्या ग्रेडमध्ये मिसळून खपवावी लागते.