हातावरची रेघ म्हणजे ट्रायल नव्हे! हायलाइटर-आयशॅडोच्या या चुका टाळा

लग्नसराई सुरू झाली की आठवड्याला एक तरी मुलगी माझ्या पार्लरात येते, बाही वर सारते आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओढलेल्या हायलाइटर-आयशॅडोच्या आठ-दहा चमकत्या रेघा दाखवते. "ताई, यातला कुठला घेऊ?" दुकानातून थेट आलेली असते, रेघा अजून ताज्या असतात. मी विचारते, "लग्नात हात दाखवणारेस की तोंड?" ती हसते. मी हसत नाही. हा विनोद करून करून आता मलाच त्याचा कंटाळा आलाय.

तर सगळ्यात आधी ही रेघांची भानगड. मनगटाच्या आतली कातडी सपाट, कोरडी आणि तोंडापेक्षा उजळ असते. तिथं तेल सुटत नाही, घडी पडत नाही. पापणीची कातडी म्हणजे अंगातली सगळ्यात पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर. ती मिनिटाला पंधराएक वेळा उघडझाप करते, म्हणजे तासाला नऊशे वेळा दुमडते. वर उन्हाळ्यात तेल आणि घाम. हातावर दोन मिनिटं चमकलेला रंग या जागी चार तास टिकेल, हे कशावरून ठरवायचं? उलटही होतं. घट्ट दाबलेल्या मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, शेड बोटाला नीट लागत नाहीत, म्हणून पोरी त्या बाजूला टाकतात. त्याच शेड ब्रशनं पापणीवर सुरेख चढतात. हातावरची रेघ एवढंच सांगते की रंग साधारण कुठल्या जातीचा आहे आणि भुकटी बारीक आहे की खरखरीत. बाकी सगळं आपल्या मनाचं.

माझी पद्धत साधी आहे, पण वेळखाऊ आहे, म्हणून कुणाला आवडत नाही. सकाळी एका पापणीला प्रायमर, म्हणजे रंग टिकावा म्हणून आधी लावायचा थर, लावून आणि दुसरीला तसाच, एकच रंग लावायचा. हायलाइटर, म्हणजे गालाच्या हाडावर लावायची चमक, एकाच गालाला. मग स्वयंपाक करा, गाडीवरून बाजारात जाऊन या, दुपारी पंख्याखाली बसा. चार तासांनी आरशात बघा. पापणीच्या घडीत रंगाची रेघ जमलीय का, शिमर, म्हणजे बारीक चमकीचा रंग, डोळ्याखाली उतरलाय का, गाल चमकतोय की तेलकट दिसतोय. दोन डोळ्यांत फरक दिसला नाही तर प्रायमरचे पैसे वाचले. मी हे सांगितलं की समोरचा चेहरा पडतो. "ताई, एवढं कशाला? यूट्यूबवर तर तीन मिनिटांत दाखवतात." दाखवतात की. त्या बाईच्या डोक्यावर रिंगलाइट असतो आणि शेजारी एसी. आपल्याकडं मे महिन्यात चाळीस अंशांत मांडव असतो आणि त्यात अर्धं गाव जेवायला असतं.

हे शहाणपण मला कुठल्या कोर्समध्ये मिळालेलं नाही. धंद्याचं दुसरंच वर्ष होतं. तासगावकडचं लग्न, उघडा मांडव, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. आदल्या दिवशी संध्याकाळी मी बाजारातून एक चंदेरी हायलाइटर आणला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मनगटावर रेघ ओढली, तर चांदणं सांडल्यासारखं दिसलं. सकाळी नवरीच्या खोलीत पिवळा बल्ब होता, त्यात तो सोनेरी भासला. मी खूश. नवरी गव्हाळ-सावळी, नाकीडोळी नीटस. मांडवात आली, डोक्यावर बाराचं ऊन, आणि दोन्ही गालांवर करडे पट्टे. अंतरपाट धरायला पाच मिनिटं होती. नवरीची आत्या पुढं आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आगं, पोरीच्या गालाला राख लागलीया, पुसा की कुणीतरी!" आणि वाट न बघता तिनं स्वतःच पदरानं पुसलं. हायलाइटर गेला, त्याच्याबरोबर निम्मा बेस, म्हणजे खालचा फाउंडेशनचा थरही गेला. दुसऱ्या गालावर वेगळीच गंमत. मुंडावळ्यांचे मोती तिथं सकाळपासून घासत होते, त्यांनी चमक ओरबाडून उभ्या रेघा काढल्या होत्या. मंगलाष्टकं चालू असताना मी मांडवाच्या खांबाआड स्पंज घेऊन उभी होते. फोटो आजही त्यांच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे म्हणे. मी त्या घरी परत गेलेली नाही.

चूक हायलाइटरची नव्हती, माझी होती. या चमकीचं कारण समजून घ्या. ती बहुतेक वेळा अभ्रकाची असते. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अगदी पातळ थर चढवलेला असतो. डबीमागच्या घटकांच्या यादीत हे दोघे सीआय ७७०१९ आणि सीआय ७७८९१ या नंबरांनी दिसतील. थर किती जाड, त्यावर चमक चंदेरी दिसणार, सोनेरी दिसणार की गुलाबी, हे ठरतं. यातलं टायटॅनियम पांढरं असतं. गोऱ्यापान कातडीवर ते लपतं, गव्हाळ-सावळ्यावर राखेसारखं उठून दिसतं. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांना शॅम्पेन, पीच किंवा सोनेरी, आणि सावळ्या रंगाला तांबूस, ब्राँझ. सावळ्या रंगावर ब्राँझ हायलाइटर संध्याकाळच्या उन्हात जो दिसतो, तो गोऱ्या गालावर सात जन्मांत दिसणार नाही. पण आपल्याला गोरं दिसायचं वेड. असो.

तेव्हापासून मी ट्रायल तीन उजेडांत बघते. खिडकीजवळ, दुपारच्या उघड्यावर, आणि शक्य असेल तर त्याच हॉलच्या दिव्यांखाली. पिवळा दिवा सगळ्यांना क्षमा करतो, दुपारचं ऊन कुणालाच नाही. आणि ट्रायलला मुंडावळ्या आणायला सांगते. पोरी हसतात, पण बांधून बसवते. मोती गालाच्या हाडावर नेमके कुठं टेकतात ते बघायचं आणि हायलाइटर त्याच्या आत, डोळ्याच्या बाजूला, बोटभर सरकवायचा. नथ घालूनही बघा. नाकाच्या शेंड्यावर चमक आणि शेजारी मोत्यांची नथ असली की लोकांचं लक्ष फक्त नाकावर जातं. आणखी एक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. लाजाहोमाचा धूर. नवरी होमासमोर बसते, डोळ्यांतून पाणी यायला लागतं, आणि खालच्या पापणीवरचा चकचकीत शिमर गालावर ओघळतो. म्हणून नवरीच्या खालच्या पापणीला मी फक्त मॅट लावते. यावर वाद घालायचा असेल तर आधी होमासमोर वीस मिनिटं बसून या.

आता हळद. सांगलीत राहून हळदीवर बोलायचं नाही म्हणजे काय! आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जगात नाव झालं, सगळं खरं. पण हळदी समारंभाच्या दुसऱ्या दिवशी आयशॅडोची ट्रायल करू नका. कातडीत पिवळेपणा मुरलेला असतो. त्यावर गुलाबी रंग पीचकडं झुकतो आणि जांभळट रंग मातकट दिसतो, कारण पिवळा आणि जांभळा एकमेकांना मारतात. मग पोरगी चांगलं पॅलेट टाकाऊ म्हणून कोपऱ्यात ठेवते. आणि तो पिवळेपणा जावा म्हणून साबण घासू नका. हळद क्षाराला लागली की तांबडी होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. साबणानं थोडा वेळ आणखी लालसर दिसाल. दूध-बेसन लावा आणि दोन दिवस जाऊ द्या.

यानंतरची चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रांगोळीची चमकी.

माझ्या चुलतबहिणीची मुलगी, कॉलेजचं गॅदरिंग, लावणीवर नाच. डोळ्यांवर चमचम हवी होती आणि घरात दिवाळीची उरलेली चमकी होती. पापणीला व्हॅसलीन लावून तिनं वर ती थापली. दिसली झकास, खोटं कशाला बोलू. बक्षीसही मिळालं. रात्री अकराला तिच्या आईचा फोन. डोळा लाल, उघडता येत नाही, आत खडा गेल्यासारखं टोचतंय. पोरीनं आधीच चोळून चोळून घोटाळा करून ठेवला होता. सकाळी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा. थेंब, औषध, आणि लेन्स बंद. परीक्षेच्या तोंडावर पोरगी काळा चष्मा लावून बसली होती.

रांगोळीची किंवा शुभेच्छापत्रांची चमकी म्हणजे चकचकीत प्लॅस्टिकचा कागद बारीक कापून केलेले तुकडे. प्रत्येक तुकड्याला धारदार कोपरे असतात. व्हॅसलीन अंगाच्या उष्णतेनं पातळ होतं, की ते तुकडे घेऊन सरळ डोळ्यात. मेकअपची ग्लिटर घेतलीत तरी पाकिटावर डोळ्यांसाठी चालते असं लिहिलंय का ते वाचा, आणि पापणीच्या केसांच्या कडेला लावू नका. मी तर ग्लिटर ठेवतच नाही. बारीक शिमर ओल्या ब्रशनं दाबून लावला तर स्टेजवर पुरेसा उजळतो. आत काही गेलंच तर चोळायचं नाही. लेन्स असेल तर हात धुऊन काढायची, स्वच्छ पाण्यानं डोळा धुवायचा, आणि टोचणं थांबलं नाही तर डॉक्टर. "घरचं मध घालते" असं म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते, तिला चहाला लावा.

स्टेजवरून आठवलं. १८४३ पासून सांगलीत नाटकं होताहेत, आम्हाला नाट्यपंढरी म्हणतात, त्यामुळं इथं निम्म्या लोकांना रंगभूषेतलं सगळं कळतं असं वाटतं. नाटकाचा मेकअप शेवटच्या रांगेसाठी असतो. नवरीचा मेकअप तिच्यापासून फूटभर लांब उभ्या असलेल्या सासूसाठी. दोन्हीची ट्रायल एकाच अंतरावरून करू नका, एवढंच.

बाकीच्या चुका पटापट सांगते, त्यांना जास्त जागा देण्याची लायकी नाही.

दुकानातला टेस्टर डोळ्याला लावू नका. तुमच्या आधी त्यात किती जणींनी बोट घातलंय आणि त्यातल्या कुणाचे डोळे आलेले होते, हे तुम्हाला माहीत नाही. बघायचंच असेल तर दुकानदाराकडून वरचा थर टिश्यूनं पुसून घ्या आणि हातावरच बघा. हो, हातावरच. नापास करायला हात चालतो.

नवं काही आणलं की आधी कानामागं किंवा कोपराच्या आत थोडं लावून दोन दिवस थांबा. खाज आली तर ते पॅलेट मैत्रिणीला देऊ नका, तिला पण डोळे आहेत.

हायलाइटर पिंपलवर, खड्ड्यांवर लावू नका. उजेड पाडला की उंचवटा दिसणारच.

डोळे मिटून आयशॅडोचं कौतुक करू नका. लोक तुम्हाला डोळे उघडे असताना बघणार आहेत. पापणी जड असेल तर अर्धा रंग घडीत गडप होतो. आरशात समोर बघत रंग थोडा वर चढवा.

आधी बेस आणि मग गडद आयशॅडो, हा उद्योग बंद करा. गडद भुकटी खाली सांडते आणि डोळ्याखाली काळं होतं. आधी डोळे, मग पुसून घ्या, मग बेस. ब्रश डबीत घुसळू नका, टेकवा, झटका, मग लावा. फुंकर तर मुळीच नको, थुंकी उडते.

मोबाइलच्या ब्युटी मोडवर रंग पारखू नका. तो मोड बंद करा आणि एक फोटो फ्लॅश टाकून काढा. डोळ्याखाली पांढरे चट्टे दिसले तर बहुतेक वेळा तो वरून लावलेल्या पांढऱ्या पावडरीचा प्रताप असतो, बिचाऱ्या हायलाइटरला शिव्या घालू नका.

"ताई, पॅलेट खराब निघालं, रंगच येईना" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींचं पॅलेट चांगलं असतं. क्रीम लावलेलं बोट रोज त्याच जागी घासलं की वर तेलाची कडक साय धरते. चिकटपट्टीचा तुकडा हलकेच टेकवा आणि उचला, साय निघते. खाली रंग पहिल्यासारखा. चाकूनं खरवडून अख्खी डबी चुरा करून आणलेलीही एक होती, तिच्यापुढं मी हात टेकले.

आणि मुदत बघा. डबीमागं उघड्या बरणीचं चित्र असतं, त्यात १२एम किंवा २४एम असं लिहिलेलं असतं. ते उघडल्यापासूनचे महिने. उघडल्याची तारीख मी स्केचपेननं डबीच्या बुडाला लिहिते. क्रीमचा वास बदलला तर मुदतीचीही वाट बघत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, तेव्हा खालच्या कप्प्यातली माझी सोळा पॅलेट भिजली. पाणी उतरल्यावर शेजारणी म्हणाल्या, उन्हात वाळव, वरून खरवड, चालतंय की. नऊ-दहा हजारांचा माल होता, मनाला लागलं. पण त्या पाण्यात काय काय वाहून आलं होतं ते मी गच्चीवरून स्वतः बघितलं होतं. सगळी पोत्यात भरली आणि घंटागाडीत टाकली. वरच्या कप्प्यात एकच कोरडं उरलं होतं, तो तासगावचा चंदेरी हायलाइटर. तो अजून आहे. नव्या पोरी शिकायला आल्या की पहिल्या दिवशी त्यांच्या गालाला लावते आणि उन्हात उभं करते.